शालूचा उजवा हात

हे मी आजवर कोणापाशीही बोललेलो नाही. पत्नी हयात असती तर तिला तरी सांगितले असते का — ठाऊक नाही. तुम्ही समोर बसला आहात असे मानून लिहितो आहे, बोलत नाही. कारण बोलू लागलो की माझा आवाज फार मऊ होतो, आणि त्या आवाजावर आता माझाच विश्वास उरलेला नाही.

मुरूड तालुक्यातील एका खेड्यात मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. वर्गात कधी छडी धरली नाही. ‘आमचे मास्तर म्हणजे गाय,’ असे गावात म्हणतात. पण गावात माझी आणखी एक ओळख आहे, आणि सुरुवात तिथूनच करावी लागेल.

माझी धाकटी बहीण शालन, आमची शालू, तळा तालुक्यातल्या एका गावी दिली होती. नवरा मारायचा — पट्ट्याने, कधी चुलीतल्या पेटत्या लाकडाने. एकदा तिच्या शेजारणीचा फोन आला आणि मी गेलो. तिच्या मानेवरची भाजलेली कातडी पाहिली. मग मी त्याला त्याच्याच अंगणात ओढले. तोंडावर मारले, तो पडला तेव्हा बरगड्यांत लाथा घातल्या. भोवती माणसे जमली होती. “मास्तर, एक आमच्याबी नावाची ठेवून द्या!” कोणीतरी ओरडले आणि सगळे हसले. शालू हात जोडून म्हणत होती, “दादा, सोड. मरंल तो.” मी सोडले नाही. खरे सांगू? त्या क्षणी मला तिचे दुःख आठवतही नव्हते. त्याचे दात माझ्या मुठीला लागत होते, आणि मला बरे वाटत होते.

तिला घरी आणले. ‘भाऊ असावा तर असा,’ हे वाक्य मी त्या दिवसापासून शालीसारखे अंगावर घेऊन फिरलो. बायकोला मारणारा कोणी असला की त्याला समज द्यायला लोक आजही माझ्याकडे आणतात. मी त्याला शांतपणे समजावतो. किती शोभते ते मला — नाही का?

शालू घरात रुळली. हळूहळू तिला एक नाद लागला. मोबाइलवर पाहून ती काचेच्या भांड्यात चॉकलेटची थरांची मिठाई करू लागली: तळाला कॉफीत भिजवलेली बिस्किटे, वर घट्ट चॉकलेट, त्यावर फेटलेली साय, पुन्हा चॉकलेट. सजावटीची साधने तिच्याकडे नव्हती आणि तिला त्यांची खंतही नव्हती. चकलीच्या सोऱ्यातून ती सायीची फुले पाडायची. काट्याने वरच्या थरावर लाटा ओढायची. पुऱ्या तळायचा झारा वर धरून चहाच्या गाळणीतून कोको भुरभुरवला की जाळीची नक्षी उमटे. आणि विळीच्या टोकाला नारळाची खवणी असते ना, तिच्यावर ती गार चॉकलेटची वडी खवायची. ताटलीत तपकिरी, नाजूक, कुरळे काप पडत. मी वर्तमानपत्राआडून ते पाहत असे. माझ्या घरात असे काही घडते आहे याचा मला अभिमान होता — की ते माझ्यावाचून घडते आहे याची चीड? तेव्हा मी हा प्रश्न स्वतःला विचारला नाही.

काशीदच्या एका रिसॉर्टच्या मालकीणबाईंनी ती मिठाई कोणाकडे तरी चाखली. त्यांनी नमुना मागवला. शनिवारी सकाळी शालू स्वयंपाकघरात विळीवर बसून वरच्या थरासाठी चॉकलेट खवत होती. भांडे शेजारच्या पाटावर होते, आणि मी तिच्या सांगण्यावरून कोकोच्या नक्षीसाठी त्यावर झारा धरून वाकलो होतो.

“दादा, हलवू नको. हात बघ कसा लटलटतोय! परीक्षेला बसलायस काय?”

मी हसलो. ती खूप दिवसांनी अशी मोकळी बोलत होती. मग मान वर न करता म्हणाली, “बाईंना आवडलं तर तिथंच ऱ्हायला खोली देणार हायेत. पगारबी. म्हणजे तुझ्या जिवाला माझा घोर न्हाय.”

“इथे काय कमी आहे तुला?”

“कमी कायबी न्हाय. पण जो येतो त्याला तू माझी गोष्ट सांगतोस, दादा. तळ्याची. किती वर्सं सांगशील? मला आता दुसरी कायतरी गोष्ट होऊ दे.”

ती हे हसत म्हणाली. टोमणा नव्हता त्यात, एवढे मला तेव्हाही कळले होते.

मी झारा तिच्या तोंडावर मारला. ओठ फाटला. तिने रडण्याऐवजी पाहिले — कोणी मारले ते नीट समजून घ्यावे तसे पाहिले. त्या नजरेने मी अधिकच पेटलो. भांडे लाथेने उडवले. काच फुटली, थर भिंतीवर फासले गेले. आणि मग —

हात घसरला, असे आम्ही सर्वांना सांगितले. चॉकलेटने बोटे बुळबुळीत झाली होती, हात विळीवर घसरला. धक्का लागला, असे मी स्वतःला सांगत आलो. रागाच्या भरात माझा धक्का लागला आणि तिचा तोल गेला. किती वर्षे मी या ‘धक्का’ शब्दाच्या आडोशाला राहिलो! भाषेचा शिक्षक आहे मी; आडोसा देणारे शब्द मला चटकन सापडतात.

धक्का लागला नाही. मी खाली बसलो. तिचे उजवे मनगट पकडले. ती मागे ओढत होती, तिला ताकद होती — मला जोर लावावा लागला. तिची बोटे विळीच्या पात्यावर आणली आणि वरून माझ्या दुसऱ्या हाताने दाबली. पाते आत गेल्याचे मला जाणवले. तिथे थांबता आले असते. मी पुन्हा दाबले.

अलिबागच्या डॉक्टरांनी विचारले तेव्हा मी तिच्याकडे पाहिले. ती फाटलेल्या ओठांनी म्हणाली, “खवताना घसरला. तशीच तोंडावर पडले.” आपल्या भावाला तिने वाचवले असे तुम्ही म्हणाल. मला तसे वाटत नाही. परत जायला तिला दुसरे घर नव्हते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. तिची मधली दोन बोटे आज वळत नाहीत. सोऱ्या दाबता येत नाही. भाकरीही थापता येत नाही.

इथपर्यंतचे तिला ठाऊक आहे. मी लिहायला बसलो ते याहून पुढच्या गोष्टीसाठी.

दोन-तीन दिवसांनी रिसॉर्टच्या बाईंचा फोन आला. शालूला औषधांनी झोप लागली होती. तिचा मोबाइल मी उचलला. अपघाताचे सांगितले. बाई हळहळल्या आणि म्हणाल्या, “अहो सर, करायला मुली आहेत माझ्याकडे. ताईंनी नुसतं खुर्चीत बसून दाखवलं, सांगितलं, तरी पुरे. हात बरा होईपर्यंत खोली राखून ठेवते मी.”

माझ्यात त्या वेळी राग उरला नव्हता, हे लक्षात घ्या. डोके थंड होते. त्याच मऊ आवाजात मी म्हणालो, “तिचीच इच्छा नाही. सासरी फार सोसलं, तेव्हापासून तिचं मन ठिकाणावर नसतं. कधी स्वतःलाही इजा करून घेते. कृपा करून पुन्हा फोन करू नका, तिला त्रास होतो.”

त्यांनी माझे आभार मानले. बहिणीला सांभाळता, फार मोठे काम आहे, असे म्हणाल्या. मी तो नंबर मोबाइलमधून काढून टाकला.

शालू उठल्यावर मी सांगितले की त्यांनी दुसरी बाई ठेवली.

“हातामुळं का?” तिने विचारले.

“हो.”

“बरं,” ती म्हणाली, आणि पट्टी बांधलेला हात पदराखाली घेतला.

तेव्हापासून ती माझ्या घरात आहे. मला जे हवे होते ते मिळाले.

आज दुपारी शाळेला सुटी आहे. ती मागच्या अंगणात वाळलेले कपडे काढते आहे. लिहिलेली पाने मी टेबलावर तिला वाचता येतील अशी वळवून ठेवली आहेत, आणि तिला हाक मारली आहे.

“आले, दादा,” म्हणाली.