‘नो’ म्हणायची सवय

नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा मला गरोदरपणाचा दहावा आठवडा लागला होता. आम्ही अमेरिकेत, पार्सिपनीत राहत होतो. मी त्याच्या व्हिसावर आलेली, त्यामुळे मला कामाची परवानगी नव्हती. पुण्यात सहा वर्षं कॉलेजात केमिस्ट्री शिकवली होती, पण त्याला इथे कोण विचारतो! महिनाअखेरीला नोकरीबरोबर आमचा आरोग्यविमाही संपला. साठ दिवसांत त्याला दुसरी नोकरी मिळाली नाही तर देश सोडायचा होता. आणि अशात एका सकाळी मला रक्ताचा डाग दिसला.

मी कुणालाच सांगितलं नाही. बाईची नोकरी असो नसो, गरोदरपणात तिला राज्याचा विमा मिळू शकतो, असं मी आधीच वाचलं होतं. नवऱ्याला तसं म्हटलंही होतं. लॅपटॉपवरून मान न उचलता तो म्हणाला होता, “सरकारी बेनिफिट घेतला की रेकॉर्डवर येतो. उद्या ग्रीन कार्डच्या वेळी विचारतील. थोडं थांब यार, जॉब लागेल ना.” त्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळे हेच सांगत होते. सगळे पुरुष, बाळंतपणाची धास्ती नसलेले. मला राग आला, पण ग्रीन कार्डाची भीती मलाही होतीच. मी मान डोलावली.

पुढचा आठवडाभर बाथरूमचं दार लावून मी आधी डाग बघायचे. डाग कधी फिका असायचा, कधी नाही. मी पाणीसुद्धा कमी प्यायला लागले, म्हणजे तिथे जायला नको. शिकलेल्या बाईचा हा शहाणपणा.

आठव्या दिवशी शेजारच्या काकूंनी मला जिन्यातच पकडलं. तीस वर्षं या देशात काढलेल्या बाई, त्यांच्यापुढे काही लपत नाही. “चेहरा काय झालाय तुझा? डॉक्टरांना कधी दाखवलंस?” मी विम्याचं सांगितलं, रक्ताचं नाही. “अगं, मग क्लिनिकमध्ये चल. तिथे अप्लाय करायला हेल्प करतात. मी ड्राइव्ह करते. तुझे पेपर्स घे फक्त.”

नवरा आतल्या खोलीत फोनवर इंटरव्ह्यू देत होता. मी कपाटातली व्हिसाची फाइल उचलली. तीत लग्नाचा दाखला होता, डिग्र्या होत्या आणि सासऱ्यांच्या फ्लॅटचं व्हॅल्युएशन, सीएच्या शिक्क्यानिशी. आम्हाला कुणाकडून काही नको, हे सिद्ध करणारे कागद घेऊन मी मदत मागायला निघाले. व्हिसाच्या खिडकीसाठी घोकलेलं सगळंही बरोबर होतंच: विचारतील तेवढंच सांगायचं, हसून सांगायचं, अडचण म्हणून काही सांगायची नाही.

क्लिनिकमधली फॉर्म भरणारी बाई माझ्या आईच्या वयाची होती. शेवटची नोकरी कुठे, असं तिने विचारलं. या देशात नाही, मी म्हणाले. आता उठायला सांगेल असं वाटलं, पण ती पुढच्या रकान्यावर गेली. घरात माणसं किती? “टू,” मी म्हणाले. “थ्री,” तिने सुधारलं, “वी काउंट द बेबी.” फ्लॅटचा कागद तिने न वाचताच मला परत दिला. मग तिने विचारलं, “एनी ब्लीडिंग?”

“नो,” मी म्हणाले. हसून म्हणाले.

अर्जाचा निकाल लागेपर्यंत तात्पुरता विमा आजपासूनच लागू होतो, असं तिने सांगितलं आणि डॉक्टरांची पुढच्या गुरुवारची वेळ दिली. मी थँक्यू म्हणून उठले. दारापाशी आले आणि पुढे पाऊलच पडेना. पुढच्या गुरुवारी त्या रकान्यात पुन्हा दोन लिहायची वेळ आली तर? मी वळले. “आय सेड नो. इट्स यस. एट डेज.”

ती रागावली नाही. तिने फक्त फोन उचलला. दहा मिनिटांत मी आतल्या टेबलावर होते. स्क्रीन डॉक्टरांच्या बाजूला वळवलेला होता आणि त्या काहीतरी मोजत होत्या. आयुष्यात मी इतकी कधी घाबरले नाही. आठ दिवस मीच घालवले, आता काहीही ऐकायला लागलं तर ते माझंच करणं, एवढंच डोक्यात फिरत होतं. मग त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. आत इवलंसं काहीतरी भराभर लुकलुकत होतं. शेजारी थोडा रक्तस्राव आहे, आराम करा, सोमवारी पुन्हा या, आत्ता खात्रीने काही सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या.

काकूंनी मला घरी सोडलं तेव्हा नवरा स्वयंपाकघरात चहा करत होता. मी उभ्या उभ्याच त्याला सगळं सांगितलं. त्याने गॅस बंद केला.

“मला का नाही सांगितलंस?”

“तू ग्रीन कार्डचं म्हणाला असतास.”

त्याने चहावर झाकण ठेवलं. त्याने नाही म्हणावं, निदान खोटं तरी, म्हणून मी थांबून राहिले.

“हो,” तो म्हणाला. “म्हणालो असतो.”