लिफ्टमधला निकाल

माझा मामा लिफ्टमन होता आणि मला तो आवडत नसे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून गहिवराची अपेक्षा ठेवायला नको.

आठ मजल्यांची ऑफिसांची इमारत, सरकत्या जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट, पितळी दांडा आणि कोपऱ्यात एक स्टूल. त्या स्टुलावर मामा एकोणतीस वर्षं बसला. त्याने स्वतः जन्मात एकही मुलाखत दिली नव्हती. त्याच्या वडिलांच्या जागेवर त्याला लावून घेतलं होतं. पण मुलाखत कशी द्यावी या विषयावर त्याच्याइतकं बोललेला माणूस सापडायचा नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, उंटाच्या जागी स्टूल एवढाच फरक.

त्याचं म्हणणं असं, की मुलाखत वर साहेबांच्या खोलीत होतच नाही, ती लिफ्टमध्येच होऊन जाते. फाइल छातीशी कवटाळून उभं राहणाऱ्याचं काम होत नाही. दोनदा घड्याळ बघणाऱ्याचं होत नाही. "साहेब स्वभावाने कसे आहेत हो?" असं लिफ्टमनला विचारणाऱ्याचं मात्र होतं, कारण माहिती कुणाकडून काढायची ते त्याला कळतं. हे त्याने मनात ठेवलं असतं तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण मामाच्या मनात काही राहतच नसे. घाम पुसत उभ्या असलेल्या पोरापोरींना तो चौथ्या मजल्यापाशी निकाल सांगून मोकळा व्हायचा. "तुझं नाही होणार. पुढच्या वेळी बूट पुसून ये." मग जाळी सरकवायची आणि त्या बिचाऱ्याला बाहेर काढायचं. आत जाऊन तो काय डोंबल बोलणार?

मीही त्या लिफ्टमधून गेले होते, बाविसाव्या वर्षी, पाचव्या मजल्यावरच्या एका ऑफिसात. लिफ्टमध्ये आणखी चार माणसं होती. मामाने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "तुझं होणार नाही गं. खांदे बघ कसे पडलेत." चारही माणसांनी माझे खांदे पाहिले. आत मला साधं माझं शिक्षणसुद्धा धड सांगता आलं नाही. संध्याकाळी तो घरी आला आणि आईला म्हणाला, "मी चेहरा बघूनच सांगितलं होतं." आईने त्याला चहा दिला. तो कप त्याच्या डोक्यावर ओतावा असं मला तेव्हा वाटलं होतं, आणि पुढेही अनेकदा वाटलं.

नंतर मला दुसरीकडे काम लागलं. खोक्यांचा कारखाना, माल रवाना करण्याचं खातं. कोणता ट्रक कुठे जाणार, कुणाचा माल आधी, कुणाचा मागून, हे मी नऊ वर्षं सांभाळलं. मग कारखाना बंद पडला आणि मी अकरा महिने घरी बसले. घर म्हणजे भावाचं. वहिनी तोंडाने काही बोलत नसे, पण माझ्या खोलीत आधी तिचं शिवणाचं मशीन आलं, मग मशीनशेजारी कापडाचे गठ्ठे, आणि शेवटी माझी कॉट भिंतीला इतकी चिकटली की कूस बदलताना कोपर लागायचं. आणखी एक-दोन महिन्यांत मी आईबरोबर बाहेरच्या खोलीत सतरंजीवर येणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

अशात त्या इमारतीतल्या सहाव्या मजल्यावर जागा निघाली. काम तेच, माल रवाना करण्याचं. मी अर्ज केला आणि कानाला खडा लावला, की मामाला सांगायचं नाही. रविवारी तो नेहमीसारखा चहाला आला, आणि आईने पहिल्या घोटाबरोबर सांगून टाकलं.

"अर्जाने नोकऱ्या लागत असत्या तर पोस्टमन साहेब झाले असते," मामा म्हणाला. "नोकरी ओळखीने लागते. सहाव्या मजल्याच्या मॅडम रोज माझ्याच लिफ्टने वर जातात. मी घालतो त्यांच्या कानावर."

"मामा, तू एक अक्षर बोलू नकोस."

"बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनं विकत नाही. तू सोनंही नाहीस."

"माझं नाव सांगशील तर बघ."

"नाव कशाला लागतं? माझी भाची म्हटलं की झालं. एकोणतीस वर्षं काढलीत मी तिथे."

"अगं, दादा एवढं तुझ्यासाठी करतोय," आई म्हणाली. आईच्या लेखी तिचा दादा जे करी ते दुसऱ्यासाठीच असे.

पुढचे तीन रविवार तो माझी तयारी करून घ्यायला आला. "आधीची नोकरी का सोडलीत विचारलं, तर कारखाना बुडाला म्हणू नकोस, बुडत्याबरोबर कुणी बसत नाही. माल कधी चुकीच्या पत्त्यावर गेला का विचारलं, तर म्हण, नऊ वर्षांत एकदाही नाही. आणि खांदे!" तो माझ्या पाठीत बोट खुपसायचा. मी चौतीस वर्षांची बाई, आणि वहिनी दारात उभी राहून हसू दाबत असायची.

मुलाखतीच्या दिवशी मी ठरवून लिफ्ट टाळली. पुढच्या दारातून मामाला चुकवून जिन्याकडे वळले आणि चढू लागले. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर एक पन्नाशीची बाई भिंतीला टेकून उभी होती, एक हात गुडघ्यावर आणि दुसऱ्यात जड बॅग. चेहरा लालबुंद झाला होता.

"लिफ्ट बंद आहे का?" मी विचारलं.

"लिफ्ट चालू आहे," ती धापा टाकत म्हणाली. "लिफ्टमनही चालू आहे. त्याचंच तर दुखणं आहे."

मला हसू फुटलं. इतक्या महिन्यांनी मी मोठ्याने हसले. तिची बॅग घेतली आणि आम्ही दोघी पायरी पायरी चढू लागलो. तीन आठवडे हा माणूस दांडा हळू ओढतो, चाळीस सेकंदांची दोन मिनिटं करतो, आणि सबंध वेळ एकच रडगाणं गातो, असं ती सांगत होती. मी म्हटलं, मलाही माहीत आहे तो. येणाऱ्या-जाणाऱ्याला निकाल सांगतो, अंगात ताकद असलेल्याची हवा काढून घेतो, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. बारा वर्षं साठलेलं होतं, चौथ्या, पाचव्या, सहाव्या मजल्यापर्यंत पुरलं. एकेक वाक्य खरं होतं. बोलताना माझे खांदे आपोआप सरळ झाले होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

तासाभराने मला आत बोलावलं, तेव्हा टेबलापलीकडे तीच बाई बसली होती.

"या," मॅडम म्हणाल्या. गुडघ्यावर पट्टा बांधला होता. "आधीची नोकरी का सोडलीत?"

"कारखाना बुडाला."

"माल कधी चुकीच्या पत्त्यावर गेला?"

"नऊ वर्षांत अकरा वेळा. सात वेळा चूक आमची होती, त्यातल्या दोन माझ्या." मग त्या दोन मी नीट सांगितल्या. त्यांतल्या एकीत दोन ग्राहकांची नावं सारखी होती आणि मी पत्ता न बघता चिठ्ठी लावली होती. दुपारी कळलं. मी ड्रायव्हरला वाटेतल्या पेट्रोल पंपावर फोन करून थांबवलं, दोन्ही ग्राहकांना स्वतः कळवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठीवर नावाच्या आधी पत्ता लिहायला लावला. मॅडमनी पेन खाली ठेवून ऐकलं. आज आलेल्यांतल्या बाकी चौघींच्या हातून म्हणे कधीच काही चुकलं नव्हतं.

मग त्या एकदम म्हणाल्या, "त्या लिफ्टमनची भाची आज येणार होती. माझी भाची, माझी भाची, कान किटले. तीन आठवड्यांत मी ठरवून टाकलंय, कुणीही चालेल पण ती नको. तुम्ही तर नाही ना?"

मला वहिनीचं मशीन दिसलं. भिंतीला चिकटलेली कॉट दिसली.

"नाही," मी म्हणाले.

"वाटलंच. तुम्ही जिन्याने आलात." त्यांनी खणातून एक कागद काढला. इमारतीच्या व्यवस्थापनाला लिहिलेली तक्रार होती. खाली तीन सह्या होत्या. "आमच्या मजल्याच्या सह्या झाल्यात. पण बाहेरून येणाऱ्यांनाही त्रास होतो, हे त्यांना कळायला हवं. मघाशी जिन्यात म्हणालात, तेच दोन ओळींत लिहाल? सक्ती नाही हं."

सक्ती नव्हती, हे खरंच आहे. मी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. त्यात खोटं काही नव्हतं. मामाला निवृत्तीला चौदा महिने राहिले होते, ते त्यात कुठे लिहिलेलं नव्हतं. मी दोन ओळी लिहिल्या आणि खाली पूर्ण नाव घालून सही केली. मला लाज वाटली, पण खोटं कशाला बोलू, त्या लाजेच्या आधी बरं वाटलं होतं.

नोकरी मला लागली.

व्यवस्थापनाला बहुधा निमित्तच हवं होतं. मी रुजू होण्याआधीच, पंधरा दिवसांत जुनी लिफ्ट गेली आणि बटणांची आली. मामाला मागच्या गेटावर दिलं, गाड्या आत-बाहेर सोडायला. तिथे सावली नाही आणि स्टूलही नाही. एकोणतीस वर्षं बसलेला माणूस दिवसभर उभा राहू लागला. बदलीच्या कागदाबरोबर त्याला तक्रारीची प्रतही मिळाली होती, हे मला माहीत नव्हतं.

त्या रविवारी तो आला. पाय सुजले होते, चपलेचे पट्टे सैल केले होते. आईने चहा ठेवला. तो नेहमीसारखा बोलत नव्हता, त्यामुळे घर अवघडल्यासारखं झालं होतं. आई स्वयंपाकघरात गेल्यावर तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता नोकरी लागली आहे, तर एक सांगतो. कागद वाचल्याशिवाय कधी सही करू नये."

"वाचला होता," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. "मग ठीक," तो म्हणाला, आणि बशीत चहा ओतून घेतला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. माझ्याकडे उत्तरं तयार होती. ती तशीच राहिली, आणि त्याचाही मला रागच आला.

आईला त्याने सांगितलं नाही. मला वाटलं, तिथे गेटावर तरी सांगेल. ज्या माणसाच्या तोंडाला कधी कुलूप लागलं नाही, तो एवढी गोष्ट किती दिवस पोटात ठेवणार? मी त्याची भाची, एवढं एक वाक्य मॅडमच्या कानावर गेलं की माझी खोटेपणाची नोकरी खलास. महिनाभर मी रोज सकाळी तो धाक घेऊन कामावर गेले. बेकार असताना बरी झोप लागत होती.

एका सकाळी मॅडमनी खाली बोलावलं. गाडीत नमुन्याची खोकी होती, ती वर न्यायची होती. आम्ही दोघी खोकी घेऊन मागच्या गेटातून आत येत होतो. मामा उन्हात उभा होता. कपाळावर घामाची रेघ होती आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकणं चाललं होतं. मॅडम थांबल्या. गुडघा बरा झाल्यापासून त्यांचा राग उतरला होता, थोडं वाईटही वाटत असावं.

"काय मामा," त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या भाचीचं काय झालं हो शेवटी? आली होती का ती?"

मामाने माझ्याकडे पाहिलं. खालपासून वरपर्यंत, लिफ्टमध्ये पाहायचा तसंच. खोक्याच्या ओझ्याने माझे खांदे पडले होते.

"आली होती," तो म्हणाला. "नाही झालं तिचं. मी चेहरा बघूनच सांगितलं होतं."

मागे कुणीतरी हॉर्न वाजवला आणि तो गेट उघडायला वळला. मॅडम पुढे गेल्या. मी त्यांच्यामागे लिफ्टमध्ये शिरले आणि सहाचं बटण दाबलं.