लकव्याचं सोंग

ट्रेनिंग म्हटलं की माझं डोकं आधीच दुखायला लागतं. रायपूरच्या एका हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट आहे. लकवा झालेल्या माणसाला उठवायचं, बसवायचं, चालवायचं, हेच माझं रोजचं काम. तेच आम्हाला शिकवायला बाहेरून एक सर येणार, आम्ही सगळ्यांनी शाळेतल्यासारखं रांगेत बसायचं, आणि शेवटी समोसा आणि सर्टिफिकेट. त्या दिवशी मी नाक मुरडतच हॉलमध्ये शिरले.

ताईने माझ्यासाठी शेजारची खुर्ची धरून ठेवली होती. ताई म्हणजे आमच्या वॉर्डातली सगळ्यात जुनी नर्स. तिचं घराणं वर्ध्याकडचं, वडील रेल्वेत लागले म्हणून इकडे आलेलं. आमचंही तसंच. अख्ख्या हॉस्पिटलात मराठीत बोलायला आम्हाला एकमेकींशिवाय कोणी नव्हतं. शेवटी ग्रुप फोटो होता, म्हणून ती नवीकोरी कोसा रेशमाची साडी नेसून आली होती. मी पदराला हात लावायला गेले, तर म्हणाली, "हात धुतले का तू? मंग दुरूनच पाह्य."

ताई नकला फार छान करायची. कुठलंही ट्रेनिंग असो, खोटा पेशंट व्हायला तीच. तिने वठवलेला दारुडा आणि त्याला घेऊन आलेली सासू आठवून आम्ही अजूनही पोट धरून हसायचो. सरांनी पेशंट कोण होणार असं विचारताच सगळ्यांची बोटं तिच्याकडे वळली. सरांनी तिला काय करायचं ते सांगितलं: डावी बाजू लुळी, बोलणं शाबूत. भरवायचं काम माझ्याकडे आलं.

ती व्हीलचेअरवर बसली, डावा हात मांडीवर टाकून दिला आणि उजव्या हाताने पदर नीट करत मला दटावलं, "ए पोट्टी, नीट धर मले. पडली त तुह्याच घरी येऊन राहीन." हॉल हसला. मी तिला ताठ बसवलं, हनुवटी जराशी खाली घेतली, आणि सरांनी सांगितल्याप्रमाणे चमच्याच्या टोकावर थोडंसं दही घेऊन भरवलं. एक घास गिळला की मगच दुसरा.

दुसऱ्या घासाला तिच्या ओठाचा उजवा कोपरा खाली आला. पदरावरचा उजवा हात घसरून चाकापाशी लोंबायला लागला. तोंडातून काहीतरी घोगरा आवाज निघाला, शब्द म्हणावा असा नव्हताच. लोक खो खो हसायला लागले. मागून एक नर्स ओरडली, "दीदी, लेफ्ट साइड था आपका!" ताईने पुन्हा तसाच आवाज काढला आणि टाळ्या पडल्या. सरही हसत म्हणाले, "देखिए, लेफ्ट साइड के लकवे में बोली आमतौर पर ऐसे नहीं जाती. पर एक्टिंग बढ़िया है." माझ्या हातातला चमचा हसण्याने हलत होता.

मग तिच्या ओठातून दही ओघळलं आणि कोसावर पडलं.

तिने खाली पाहिलं नाही. साडीकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे पाहत होती. "ताई, साडी," मी म्हटलं. ती तशीच. "ताई, दोन्ही हात वर कर," मी म्हटलं.

तिचा डावा हात वर आला. सोंगातला लुळा हात सरळ खांद्यापर्यंत वर आला, आणि उजवा लोंबतच राहिला.

कोणीतरी पुन्हा टाळी वाजवली. मी किंचाळले की काय केलं मला आठवत नाही, पण हॉल एकदम चिडीचूप झाला. सरांच्या हातातला माइक तसाच धरलेला. सरावासाठी आणलेल्या त्याच व्हीलचेअरवरून आम्ही तिला आवार ओलांडून इमर्जन्सीत पळवत नेलं.

तिथल्या डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, "आख़िरी बार ठीक कब थीं?" मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं की नाही, हे आधी या उत्तरावर ठरतं. वेळ टळून गेली असेल तर द्यायचं नाही. जवळच्या अभनपूरहून पेशंट घेऊन येणाऱ्या नातेवाइकांना हा प्रश्न मी स्वतः कितीदा विचारला आहे, आणि त्यांना सांगता आलं नाही की मनातल्या मनात चिडलेही आहे. आता आम्ही एकमेकींची तोंडं पाहत उभ्या होतो. सोंग कधी संपलं आणि आजार कधी सुरू झाला? अख्खा हॉल तिच्याकडे टक लावून बसला होता आणि नेमका क्षण कोणालाच सांगता येईना. "आप सब वहीं थे ना?" डॉक्टरने विचारलं.

एकीने फोन पुढे केला. ग्रुपवर टाकायला ती व्हिडिओ काढत होती. डॉक्टरने तो पाहिला, मागे घेऊन पुन्हा पाहिला. उजवा हात पदर नीट करतो आहे, करतो आहे, आणि अर्ध्यातच घसरतो. तिथे त्याने व्हिडिओ थांबवला. "यहाँ." वेळ हातात होती. स्कॅन करून इंजेक्शन दिलं गेलं. पण पुन्हा लावलेल्या त्या व्हिडिओतलं हसणं मी ऐकलं, आणि त्यात सगळ्यात मोठं हसणं माझंच होतं.

आता ताई माझ्याच खोलीत व्यायामाला येते. काठी घेऊन चालते. उजवी मूठ पुरती उघडत नाही, शब्द एकेक करून ओढून काढावे लागतात. परवा तिने त्या हाताने टेबलावरचा कपडे वाळत घालायचा चिमटा उचलला आणि डब्यात टाकला. सवयीने मी टाळ्या वाजवल्या.

तिने डाव्या हाताने माझं मनगट पकडलं.

"टाळ्या... नको," ती म्हणाली. मग बराच वेळ ओठ नुसतेच हलले. मी थांबले. "तवा... मले समजून... राहिलं होतं. मी... तुलेच... बलावून राहिली होती."