तिने मागितलेली दहा मिनिटं

ऑस्ट्रेलियात टार्निट या उपनगरातल्या आमच्या मराठी मंडळाचा मी सहा वर्षं सेक्रेटरी होतो. काम काय, तर हॉल बुक करायचा, मोदकांची ऑर्डर द्यायची आणि कार्यक्रमाच्या सुरुवातीला माइकवर इंग्रजीत दोन वाक्यं वाचायची: ही जमीन मुळात ज्यांची, त्या इथल्या आदिवासींना आमचं वंदन. ती मी घडाघडा वाचायचो, की लगेच आरती सुरू. वाचताना मनात काय असायचं? प्रसाद पुरेल ना, हेच.

मी हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. तिथे त्याच आदिवासींपैकी एक बाई आहे. तिच्या समाजातले पेशंट आले, की त्यांच्याजवळ बसायचं, डॉक्टरांचं बोलणं त्यांना समजावून सांगायचं, हे तिचं काम. गेली दहा वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खातो. माझ्या बायकोची थालीपीठं ती मागून घेते.

त्या वर्षी देशात सार्वमत होतं. आदिवासींच्या प्रतिनिधींची एक समिती राज्यघटनेत लिहून ठेवायची, म्हणजे त्यांच्याबद्दल काही ठरवताना संसदेला ती सल्ला देईल. सल्ला हो, नुसता सल्ला! तो मानलाच पाहिजे असंही नव्हतं.

एका दुपारी डबा खाताना ती म्हणाली, "तुमच्या गणपतीत मला दहा मिनिटं देशील? मत काय द्यायचं ते नाही सांगणार. सगळे आमच्याबद्दल बोलतायत रे, आम्हाला कुणी बोलू देत नाही."

"नो वरीज," मी म्हणालो. "नक्की!"

कमिटीची मीटिंग अध्यक्षांच्या गॅरेजमध्ये झाली. मी विषय काढला. अध्यक्ष म्हणाले, "अहो, मंडळात राजकारण कशाला? उगाच विकतचं दुखणं. कुणाची हरकत नाही ना?" आमच्याकडे हरकत विचारली, की सगळे चहाच्या कपात बघतात आणि सेक्रेटरी 'सर्वानुमते' लिहितो. हीच मंडळी महाराष्ट्र दिनाला फेटे बांधून, आपलं राज्य आपण कसं भांडून मिळवलं ते छाती फुगवून सांगतात. घोषणा द्यायला मीच पुढे असतो! ते अगदी ओठांवर आलं होतं. म्हटलं, जाऊ दे, चार माणसांत वाईटपणा कशाला घ्या. मुकाट्याने 'सर्वानुमते' लिहिलं. लाज वाटते मला त्या शब्दाची.

तिला सांगितलं, "कार्यक्रम फुल आहे गं. पुढच्या वर्षी नक्की."

"पुढच्या वर्षी मतदान नाहीये," ती म्हणाली.

मतदान जवळच्या शाळेत होतं. बाहेर, इथे दर मतदानाला भाजतात तसे, सॉसेज भाजत होते. मी मतपत्रिकेवर 'येस' लिहिलं. गाडीत बसल्यावर बायकोला सहज विचारलं.

"मी नो लिहिलं," ती म्हणाली.

"अगं, का?"

"मला काय ते कळलंच नाही. ग्रुपवर आलं होतं, समजत नसेल तर नो लिहा. आणि तू तरी घरात कधी एका शब्दाने बोललास का?"

चिडायला मला तोंडच नव्हतं. सगळं कळत असलेला माणूस घरात एकच होता, आणि तो मोदक मोजत बसला होता. जेवायला बसायच्या आतच निकाल लागला. देश नको म्हणाला होता. एकूण एक राज्य नको म्हणालं होतं.

हॉस्पिटलातली ती आठवडाभर रजेवर होती. आली तेव्हा चेहरा ओढलेला. समोर बसून म्हणाली, "कॉरिडॉरमधून जाताना एकेकाचं तोंड बघत जाते मी. याने नो लिहिलं असेल का? हिने? वीस वर्षं यांच्याबरोबर काम करतेय रे." मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "तुझ्या घरी?"

"येस," मी म्हणालो. "आम्ही दोघांनीही."

तिने टेबलावरून हात पुढे करून माझा हात घट्ट धरला. "निदान एक घर," ती म्हणाली आणि रडायला लागली.