राजारामपुरीतलं चौघींचं घर

संशोधन संपतं, अहवालही छापून होतो. पण किस्से त्यात मावत नाहीत. ते साठतच जातात. मग आम्ही जुने सहकारी चहाला बसलो, की एकेक बाहेर पडतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एक मनोरुग्णालय बंद झालं. तिथल्या चार बायका बऱ्या झाल्या होत्या, पण न्यायला कुणी आलं नव्हतं. त्यांना राजारामपुरीत भाड्याच्या घरात ठेवलं. सोबतीला एक मावशी. या बायका बाहेर कशा राहतात, ते बघणं हे माझं काम!

*

पहिल्याच दिवशी चौघींतली हौसाबाई दारापाशी जाऊन उभी राहिली. किती वेळ झाला तरी उभीच!

"काय झालं हो?" मी विचारलं.

"दार उघडाय कोण येणार हाय?"

"तूच उघड की!" मावशी म्हणाल्या.

मग काय, दिवसभर कडी काढ, कडी घाल. मावशी वैतागल्या. "अगं, झिजंल ती!"

"झिजू दे की! ह्या दाराची कडी आतनं हाय!"

*

स्वयंपाकाचं विचारलं की चौघींचं एकच उत्तर, "काय बी करा." महिनोन् महिने हेच. एक दिवस गप्पगप्प असणारी ताराक्का ताटावरून ओरडली, "ह्यात मीठ हाय का न्हाई?"

मावशी धावत माझ्याकडे आल्या. "ताई, आक्कानं जेवणाला नावं ठेवली!" आणि त्या आनंदानं रडायलाच लागल्या.

*

अहवालासाठी आमचे सर पुण्याहून आले. हौसाबाईला म्हणाले, "समाजानं तुम्हाला स्वीकारलंय, असं वाटतं का?"

"शेजारीण वाटी घिऊन साखर मागाय येती. परत कवा देत न्हाई. कालच भांडलो आमी!"

"मग काय लिहू?"

"लिवा की, स्वीकारलं म्हणून!"

*

ताराक्का हातकणंगल्याची. कोपऱ्यावर वडापची जीप लागायची, माणसं भरली की सुटणारी. ही रोज जाऊन ड्रायव्हरला विचारायची, "हातकणंगल्याला जाती न्हवं?"

"जाती की! बसा."

"आज न्हाई. भाऊ न्यायला येणार हाय."

"मग रोज इचारताय कशाला?"

"गाडी चालू हाय न्हवं, ते बघितलं!"

आधी मलाही हसू यायचं. पुढं पुढं मी दुसरीकडे बघायला लागले. एकदा तरी हिला त्या सीटवर बसलेलं बघावं, असं फार वाटायचं. एकदा म्हटलंही, "आक्का, आपण दोघी जाऊ या का?"

"नको. बोलावल्याबिगर गेलं की पावणं हुतंय माणूस. मला घरची म्हणून जायचं हाय."

*

आणि एकदा भाऊ खरंच आला. दिनकर. येताना भडंगाचा पुडा घेऊन आला. आक्कानं त्याला बघताच बांधून ठेवलेलं गाठोडं आणून दारात ठेवलं.

चहा झाला. दिनकर खाली बघत म्हणाला, "आक्का, पोरीचं लगीन ठरतंय. पावणं बघून जाऊ देत. एवढं उरकलं की न्हेतो तुला."

तो उठला, चपला घातल्या.

"येतो आक्का."

"जातो म्हण."

"आं?"

"जातो म्हण, दिनू."

मावशी मधे पडल्या, "अगं, निघताना असं म्हणू न्हाई!"

"म्हणू दे त्याला. ह्यो येतो म्हणून जातोय, आन् मी गाठोडं बांधून बसतो."

दिनकर उंबऱ्यात घुटमळला. मग हळूच म्हणाला, "जातो, आक्का."

"जा. सावकाश जा," ती म्हणाली, आणि गाठोडं सोडायला बसली.