दारातल्या कॅमेऱ्याची क्लिप

मंडळी, हे जरा वाचा.

शहापुरात आमच्या मागच्या गल्लीतली मुलगी काल कुणीतरी पळवली. आमच्या बेलच्या कॅमेऱ्यात एक पांढरी व्हॅन दिसली. क्लिप पोलिसांना दिली, आणि शहाणपणा करून, कॅमेरा कुणाचा ते न सांगता, आपल्या या ग्रुपवरही टाकली.

लगेच सगळे डिटेक्टिव्ह! व्हॅनचा नंबर कुणालाच वाचता आला नाही. पण दारातली रांगोळी एकानं ओळखली. "ही तर आपल्या टीचरांची, रोज फोटो टाकतात की!" टीचर म्हणजे मीच. दुसऱ्यानं गल्लीचं नाव लिहिलं.

दुपारी बेल वाजली. मोबाईलवर बघितलं, तर हेल्मेट घातलेला माणूस, हातात पार्सल नाही. तो रांगोळीकडे बघत होता. मग सरळ कॅमेऱ्यात बघितलं आणि गेला.

सासूबाई म्हणाल्या, "व्हॅन ऱ्हायली बाजूला, आपलंच घर दावलंस की गं!"

क्लिप डिलीट केली. पण लेकीची शाळा, शिकवणीची वेळ, सगळं मीच इथं कधी ना कधी लिहिलंय. ते कुणाकुणाच्या लक्षात आहे?