भुताचं आडनाव

आमच्या सिनेमात एक भूत होतं आणि त्याला कुणीच घाबरत नव्हतं. सदाशिव पेठेत भाड्याने राहणारी तीन पोरं रविवारी दुपारी गांजा ओढतात, समोर भूत येऊन उभं राहतं, आणि पोरं म्हणतात, "माल भारी आहे यार." भूत ओरडतं, भांडी पाडतं, पंखा उलटा फिरवतं. पोरं टाळ्या वाजवतात. शेवटी ते वैतागून फरशीवर बसतं आणि म्हणतं, "अरे बाबांनो, मी खरंच मेलोय."

कल्पना माझी होती. तेव्हा मी हिंजवडीच्या एका कंपनीत टेस्टिंगचं काम करायचो. शेजारच्या खुर्चीवरचा मित्र पेठेतल्या जुन्या घरातला. त्याने नवा कॅमेरा घेतला होता आणि त्याचं काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं. कॉलेजात आम्ही दोघांनीही असले सिनेमे ढिगाने पाहिले होते. रबरी हात, केचपचं रक्त आणि नशेत तर्र झालेली पोरं. असा सिनेमा बघायला बसणारा माणूस हसायची तयारी करूनच बसतो. भूत खोटं वाटलं तरी हसतो, खरं वाटलं तरी हसतो. मला वाटलं, हसता हसता लोक काहीही ऐकून घेतील. म्हणून मी त्यात एक खरी गोष्ट घातली.

ती माझ्या वडिलांची होती. आमचं घर बौद्ध. वडील कॉलेजसाठी गावाहून पुण्यात आले, तेव्हा याच पेठांमधून खोली शोधत फिरले होते. घरमालक गोड बोलायचे, पाणी द्यायचे, गाव विचारायचे. मग आडनाव विचारायचे, आणि आडनाव कळलं की ती खोली आदल्याच दिवशी गेलेली असायची. वडील पुढे सरकारी अधिकारी झाले, कात्रजला स्वतःचा फ्लॅट घेतला, निवृत्त झाले. हे सगळं त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं, दूध तापवता तापवता, दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं.

माझं भूत म्हणजे असाच खोली शोधणारा विद्यार्थी. वणवण करताना तापाने गेलेला, आणि जी खोली आवडली होती तिथेच अडकलेला. सिनेमाच्या शेवटी पोरं त्याला खाली घरमालकाकडे घेऊन जातात. घरमालक भुताला घाबरत नाही. तो चष्मा पुसतो आणि विचारतो, "आडनाव काय तुमचं?" भूत सांगतं. घरमालक म्हणतो, "अरेरे, खोली कालच दिली हो." भूत हात जोडतं आणि भिंतीतून निघून जातं.

मित्राच्या काकांचा एक फ्लॅट विकायचा म्हणून रिकामा पडला होता. रविवारी खिडक्यांना काळे कागद चिकटवून आम्ही दिवसाची रात्र करायचो. गांजा म्हणून कसुरी मेथी जाळायचो. सगळ्या जिन्यात दाल तडक्याचा वास पसरायचा आणि खालच्या बाई विचारायच्या, "आज काय पंगत आहे का?" पगाराच्या विभागातला एक उंच, हडकुळा सहकारी भूत झाला. त्याला टाल्कम पावडर फासली की तो शिंकायचा आणि सगळी पावडर उडून जायची. घरमालक खुद्द काकाच झाले. आडनावाचा संवाद वाचून ते म्हणाले, "मी असा नाही हं. पण करतो." आम्ही खूप हसलो त्या रविवारी. ते हसणं चांगलं होतं, हेही सांगायला हवं.

पहिल्यांदा सिनेमा कंपनीच्या कँटीनमध्ये दाखवला. एचआरच्या बाईंनी आधी विचारलं, "गांजाऐवजी कॉफी दाखवता येईल का?" नाही म्हटल्यावर त्यांनी तोंड वाकडं केलं, पण दाखवू दिला. लोक खुर्च्यांवरून पडेस्तोवर हसले. मी मागे उभा राहून खूश होतो. मग घरमालकाचा प्रसंग आला. तिथे शांतता होईल असं मला वाटलं होतं. तिथे सगळ्यात मोठा हशा झाला. भुताने हात जोडले तेव्हा कुणीतरी शिट्टी मारली.

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या मशीनपाशी एक जण दुसऱ्याला म्हणाला, "आडनाव काय तुमचं?" दुसरा म्हणाला, "कालच दिली हो." दोघेही खिदळले. मी तिथेच कप धरून उभा होतो. माझ्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र लटकत होतं, त्यावर माझं आडनाव ठळक अक्षरांत होतं. त्यांनी मला टाळी द्यायला हात पुढे केला. मी दिली नाही. "काय रे, स्वतःच्याच जोकवर हसत नाहीस?" त्यातल्या एकाने विचारलं.

मित्र म्हणाला, "अरे, ही आयटीतली जनता. त्यांना काय कळतंय? आपण जाणकार लोकांना दाखवू."

जाणकार म्हणजे शहरातलं एक छोटंसं चित्रपटप्रेमी मंडळ. एका क्लासच्या हॉलमध्ये जमायचं. तिथे कुणी खिदळलं नाही. पहिला अर्धा भाग लोक हाताची घडी घालून बघत राहिले. घरमालकाच्या प्रसंगाला मात्र सावकाश, जाणतं हसू पसरलं. मग चर्चा.

एका बाईंनी विचारलं, "तरुणांपुढे गांजाचा आदर्श ठेवून तुम्हाला नक्की काय साधायचं आहे?" मी म्हटलं, ती मेथी आहे. त्यांना ते आवडलं नाही. दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "छान हलकंफुलकं चाललं होतं. हे मध्येच कशाला आणलंत? आता कुठे राहिलंय असं काही?" दोन-तीन माना डोलल्या. मग पहिल्या रांगेतले एक आजोबा उठले. इस्त्रीचा सदरा, आवाज अगदी मृदू. म्हणाले, "प्रयत्न चांगला आहे. भाषा शुद्ध आहे आपली, याचं विशेष वाटलं. आपलं आडनाव काय?"

हॉलमध्ये एकाही माणसाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी चेहरे बघत होतो. सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते, अगदी आपुलकीने.

मी म्हटलं, "कशाला हवंय? खोली देताय?"

आता लोक हसले. आजोबाही हसले. त्यांना वाटलं मी कोटी केली. मी म्हणालो, "हसू नका. मी गंमत करत नाहीये. आत्ता तुम्ही सिनेमात हेच बघितलंत आणि तुम्ही हेच विचारताय." आजोबांचा चेहरा पडला. "अहो, मी सहज विचारलं," ते म्हणाले. "सहजच विचारतात," मी म्हणालो. मंडळाच्या सचिवांनी घाईघाईने चहा झाल्याचं जाहीर केलं.

जिन्यात मित्राने मला गाठलं. "म्हाताऱ्या माणसाशी असं बोलतात का? ते तसे नाहीत रे."

"कसे नाहीत?"

"म्हणजे... त्यांच्या मनात काही नसतं."

"मनात नसतं तर तोंडात कुठून येतं?"

त्याने मान हलवली. मला वाटलं, त्याला पटलं.

त्याला पटलं नव्हतं. काही आठवड्यांनी त्याने मला न विचारता सिनेमाचा एक छोटा तुकडा करून इंटरनेटवर टाकला. पोरं, गांजा, उडणारी पावडर आणि शेवटी घरमालकाचा आडनावाचा प्रश्न. भूत कोण होतं, कशासाठी फिरत होतं, का मेलं, ते सगळं कापून टाकलेलं. उरला नुसता विनोद. तो तुफान चालला. कॉलेजची पोरं तो एकमेकांना पाठवू लागली. खाली शेकडो लोकांनी लिहिलं होतं की पुणेरी घरमालक म्हणजे अफाट, कसला भारी टोमणा. भुताचं नावही कुणी काढलं नव्हतं. एका मंगळवारी बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोन मुली मोबाइलवर तेच बघत हसत होत्या. मला त्यांचा मोबाइल खिडकीतून फेकून द्यावासा वाटला.

मी मित्राला कँटीनमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "माझी गोष्ट कापायचा अधिकार तुला कुणी दिला?"

"लोकांना आवडतंय ना!" तो म्हणाला. "भुताची मागची गोष्ट ठेवली असती तर कुणी पाहिलंच नसतं. जरा धंद्याचा विचार कर. हा प्रकारच हलका असतो. तू त्यावर नको तेवढं ओझं टाकलंस."

"ओझं?"

"चिडतोस कशाला? मी काय तुझ्या विरोधात आहे का?"

मी ताट तसंच टाकून उठलो. त्यानंतर मी जागा बदलून घेतली.

घरी वेगळंच वाढून ठेवलं होतं. तो तुकडा फिरत फिरत माझ्या आतेभावाकडून वडिलांच्या मोबाइलवर पोचला होता. मी आलो तेव्हा ते हॉलमध्ये उभेच होते. आमच्या घरात भूतखेत, अंगात येणं, लिंबू-मिरची यांना कधीच जागा नव्हती. लहानपणी मी अंधाराला घाबरलो तर वडील माझ्या हातात टॉर्च देऊन मला त्याच खोलीत पाठवायचे.

"हे तू केलंस?" त्यांनी मोबाइल पुढे धरला.

"हो पप्पा. पण हा पूर्ण नाही..."

"आपण भुतांना मानत नाही. दारूगांजाला हात लावत नाही. आणि तू दोन्ही घेऊन लोकांना हसवत बसलास? वर आडनावाची थट्टा?"

"थट्टा नाहीये. ती तुमचीच गोष्ट आहे."

त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "दाखव पूर्ण."

मी संगणकावर लावला. ते खुर्चीवर ताठ बसून बघत होते, ऑफिसात फाइल बघावी तसे. भूत शिंकलं तिथे त्यांच्या ओठांची कड हलली, एवढंच. सिनेमा संपला. भूत हात जोडून भिंतीतून गेलं. वडील पडद्याकडेच बघत होते.

"मी हात जोडले नव्हते," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे वळलो.

"एकाही घरी जोडले नाहीत. चप्पल घातली आणि निघालो. तू माझं भूत केलंस ते एक वेळ चालेल. पण मेल्यावरही त्याला विनंतीच करायला लावतोस? मेलाय ना तो? मग आता कुणाची भीती आहे त्याला?"

एवढे दिवस मी जगावर चिडलो होतो. त्या क्षणी वडिलांवरही चिडलो, कारण ते बरोबर बोलत होते. मी म्हटलं, "मग तुम्हीच सांगा काय करायचं."

"शेवट बदल."

काकांचा फ्लॅट आता मिळणार नव्हता. मी भूत झालेल्या सहकाऱ्याला कात्रजच्या घरी बोलावलं. तो बिचारा पावडरचा डबा घेऊन सकाळीच आला. घरमालक कुणाला करायचं ते ठरत नव्हतं. सोसायटीतल्या एक-दोघांना विचारलं, त्यांनी नको म्हटलं. वडील म्हणाले, "मी करतो. संवाद लिहून नकोत."

मी कॅमेरा लावला. वडील आमच्याच सोफ्यावर बसले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. भूत दारात उभं राहिलं. आणि वडिलांचा आवाज बदलला. मी तो आवाज कधी ऐकला नव्हता. मृदू, लाघवी, जरासा नाकातला.

"या, या. पाणी घ्या आधी. उन्हातून आलात. शिक्षण कुठे चाललंय? वा, वा. हुशार दिसता. गाव कुठलं म्हणालात? तिकडे आमचे एक स्नेही आहेत, पाटलांचा वाडा माहीत असेल. नाही? बरं. वडील काय करतात? अच्छा. नाही, आमचं तसं काही नसतं हो, पण आमच्या हिला सोवळंओवळं फार. तर, पूर्ण नाव काय म्हणालात आपलं?"

स्वयंपाकघराच्या दारात आई लाटणं हातात धरून उभी होती. तिने तोंडाला पदर लावला. इतक्या वर्षांत वडील त्यातला एकही शब्द विसरले नव्हते. पाणी देण्यापासून ते पूर्ण नावापर्यंतचा सगळा क्रम त्यांना पाठ होता.

भुताने आम्ही ठरवलं होतं तसं केलं. उत्तर दिलं नाही. चप्पल काढली, आत आलं, वडिलांच्या शेजारी सोफ्यावर बसलं आणि पंखा लावला. घरमालक म्हणाला, "अहो, खोली कालच..." भूत म्हणालं, "माहीत आहे. मीच घेतली." घरमालक ताडकन उठला. भुताला घाबरलेला तो सिनेमातला पहिला माणूस. वडील घाबरले तेही इतकं खरं घाबरले की सहकारी दचकला आणि शिंकला. मी ती शिंक तशीच ठेवली.

"परत एकदा घेऊ?" मी विचारलं.

"नाही," वडील म्हणाले, त्यांच्या नेहमीच्या आवाजात. "परत जमणार नाही मला." मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ तोंड धुवत राहिले. आईने सगळ्यांना जेवायला वाढलं. सहकाऱ्याने पावडर लागलेल्या हातानेच दोन पोळ्या जास्तीच्या खाल्ल्या.

मी पूर्ण सिनेमा नव्या शेवटासकट इंटरनेटवर टाकला. फार थोड्यांनी पाहिला. त्यातल्या काहींनी लिहिलं, सुरुवात धमाल, शेवट उगाच कडवट. एकाने लिहिलं की भुताने एवढं उद्धट वागायला नको होतं. औरंगाबादहून एका मुलीने मात्र लिहिलं की तिने शेवटचा प्रसंग तीनदा बघितला आणि आता तिच्या रूमवर सगळ्या जणी 'मीच घेतली' म्हणतात. ते मी वडिलांना वाचून दाखवलं. त्यांनी "हं" केलं आणि पेपर वाचत राहिले.

त्या आठवड्यात मित्राचा फोन आला. म्हणाला, "तुझे बाबा काय भारी आहेत रे! नॅचरल. मी एक सुचवू? सोवळ्याचं वाक्य काढलंस तर आमच्याकडेही लोक आवडीने बघतील."

मी फोन ठेवला. त्याचा तो छोटा तुकडा अजून फिरतोच आहे.